टू-डू अ‍ॅप (वेब फ्रेमवर्कवरचं)

टू-डू अ‍ॅप म्हणजे करायच्या कामांची यादी ठेवणारं वेब अ‍ॅप. ही नोंद मुख्यतः जँगो, रेल्स, लाराव्हेल अशा फ्रेमवर्कवर (वेब अ‍ॅप बांधायला मिळणारे तयार सांगाडे) ते सरावासाठी बांधायची जी प्रथा पडलीये तिच्याबद्दल आहे. काम टाका, बदला, झालं की टिक करा, नको असेल तर उडवा, एवढाच पसारा. विषय कुणाला समजवावा लागत नाही, सगळं लक्ष फ्रेमवर्कवर राहतं.

उगम : ही प्रथा कुठून आली याचे दोन धागे सांगता येतात. पहिला रेल्सचा. रेल्स हे मुळात बेसकँप या प्रोजेक्ट सांभाळायच्या अ‍ॅपमधूनच वेगळं काढलेलं, बेसकँप २००४ च्या सुरुवातीला आलं, रेल्स त्याच वर्षी जुलैमध्ये लोकांना मिळालं आणि २००५ मध्ये त्याच मंडळींनी टा-डा लिस्ट नावाचं फुकट यादीचं अ‍ॅप काढलं, म्हणजे फ्रेमवर्क आणि कामांची यादी यांचं नातं तसं जन्मापासूनचंच. पण शिकवायला म्हणून त्या काळात गाजलं ते पंधरा मिनिटांत ब्लॉग बांधून दाखवणारं प्रात्यक्षिक. जँगो कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्रात साधारण २००३ पासून घडत गेलं, २००५ मध्ये जाहीर झालं, आणि त्याच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये आजही मतदानाचं पोल्स अ‍ॅप आहे, टू-डू नाही.

दुसरा धागा ब्राउझरकडचा. ऑक्टोबर २०१० च्या सुमारास बॅकबोन ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आली, तिच्यासोबतचं जेरोम ग्रॅव्हेल-निके यांनी लिहिलेलं उदाहरण टू-डू यादीचं होतं. २०११ मध्ये अ‍ॅडी ओस्मानी यांनी टूडूएमव्हीसी सुरू केलं, त्यात एकच अ‍ॅप वेगवेगळ्या फ्रेमवर्कमध्ये लिहून तुलनेसाठी ठेवलेलं. नियमही बारीक : एंटर दाबलं की काम यादीत जाणार, डबल क्लिकवर एडिट, एस्केपवर बदल रद्द. 'टू-डू म्हणजे फ्रेमवर्कची पहिली परीक्षा' ही समजूत इथूनच पक्की झाली असावी, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. त्या नावातल्या एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे माहिती, दिसणं आणि युजरच्या कृती हाताळणं वेगळं ठेवणं) या रचनेचं मूळ मात्र फार जुनं, नॉर्वेचे ट्रिग्वे रेनस्काउग यांनी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७९ साली लिहिलेल्या टिपणांमधलं. वेबवर तिचा अर्थ बराच सैल झालाय, जँगोवाले तर बाकीचे ज्याला कंट्रोलर म्हणतात साधारण त्यालाच व्ह्यू म्हणतात, नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.

बांधणी : डेटाबेसमध्ये एक टेबल, त्यात शीर्षक, मुदत, झालं की नाही. 'झालं'साठी नुसतं हो-नाही ठेवण्यापेक्षा कधी झालं ती वेळ ठेवलेली बरी, रिकामी असेल तर काम बाकी. लॉगिन असेल तर काम शोधताना नुसता क्रमांक बघून चालत नाही, त्या युजरचंच आहे का तेही बघावं लागतं, नाहीतर पत्त्यातला ४१ बदलून ४२ केला की दुसऱ्याची यादी उघडी.

खरी मेख डिलीटमध्ये. साधी लिंक ठेवून गेट रिक्वेस्टवर (पान नुसतं मागवायची विनंती) काम उडवणं सोपं वाटतं आणि पूर्वी सर्रास तसंच करायचे. मे २००५ मध्ये गूगल वेब अ‍ॅक्सिलरेटर आलं, ते पान लवकर उघडावं म्हणून पानावरच्या लिंका युजरने न दाबताच आधीच आणून ठेवायचं, त्यात डिलीटच्या लिंकाही आल्या आणि बेसकँपवर लोकांचा मजकूर आपोआप उडायला लागला. दोष कुणाचा यावर तेव्हा बरीच वादावादी झाली, पण गेटने काही बदलू नये हे एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांच्या) मानकात आधीपासूनच होतं, तेव्हा पारडं अ‍ॅक्सिलरेटरच्याच बाजूने झुकतं. साध्या एचटीएमएल फॉर्मला गेट आणि पोस्ट (माहिती पाठवायची विनंती) दोनच येतात, म्हणून रेल्स लपवलेल्या फील्डमधून डिलीट पाठवतं. जँगोचा तयार डिलीटव्ह्यू गेटवर फक्त 'नक्की उडवायचं का' विचारतो आणि पोस्टवर उडवतो. जँगोमध्ये लॉगआउटसुद्धा ५.० आवृत्तीपासून गेटने होत नाही, जुनी ट्युटोरियलं बघून करणारे तिथे अडकतात.

मुदत : भारतातल्या युजरसाठी हा भाग नाजूक. नव्या जँगो प्रोजेक्टमध्ये टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असतो. तो एशिया/कोलकाता केला तरी टाइमझोन.नाऊ (आत्ताची वेळ देणारं फंक्शन) यूटीसीच देतं, त्याची नुसती तारीख काढली तर पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख मिळते, म्हणजे १२ तारखेची मुदत असलेलं काम १३ च्या पहाटे पाचलाही 'आजचं' म्हणून दिसत राहतं. त्यासाठी लोकलडेट (स्थानिक तारीख देणारं फंक्शन) वापरायचं.

इतर वापर : ब्राउझरचा वेग मोजणाऱ्या स्पीडोमीटर चाचणीने २०१४ मध्ये टूडूएमव्हीसीचीच अ‍ॅप्स घेतली, त्यात कामं भराभर टाकून, टिक करून, उडवून वेळ मोजतात. २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत चार्ट, बातम्यांच्या साइट वगैरे बरंच नवीन आलं, टू-डू मात्र कायम ठेवलंय. टू-डूने फारसं काही कळत नाही म्हणणाऱ्यांनी रिअलवर्ल्ड नावाचा प्रकल्प काढला, त्यात लेख, कमेंट, फॉलो असं सगळं असलेलं अ‍ॅप बांधायचं असतं.