स्कॅनर निवडण्याआधी: तांत्रिक नकाशांच्या कागदाची पार्श्वभूमी

जुन्या कारखान्याचं किंवा बांधकाम खात्याचं नकाशांचं कपाट उघडलं की तीन-चार पिढ्यांचे कागद एकत्र बाहेर पडतात. मोठ्या आकाराचा स्कॅनर कोणता घ्यायचा, याचं निम्मं उत्तर त्या कागदांत असतं. माहितीपत्रकातल्या डीपीआयकडे (दर इंचातल्या बिंदूंच्या संख्येकडे) नंतर पाहिलं तरी चालतं.

यातला जुना थर ब्ल्यूप्रिंटचा. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये लोहक्षारांवर प्रकाश पाडून निळी प्रतिमा उमटवण्याची रीत शोधली आणि पुढे कचेऱ्यांनी ती नकलांसाठी उचलली. ट्रेसिंग (अर्धपारदर्शक कागदावरचा मूळ नकाशा) वर, क्षार लावलेला कागद खाली, उन्हात ठेवायचं आणि पाण्यात धुवायचं. रेघेखाली प्रकाश पोचत नाही, म्हणून रेघ पांढरी राहते आणि बाकीचा कागद निळा होतो. धुण्यात कागद आक्रसतो, त्यामुळे अशा प्रतीवर पट्टी लावून माप घेणं धोक्याचं. स्कॅनर कितीही अचूक असला तरी हा दोष निघत नाही. शिवाय असे नकाशे थेट काळ्या-पांढऱ्यात घेतले तर निळी जमीन डागाळते. ते ग्रेस्केलमध्ये (राखाडी छटांत) किंवा रंगीत घेऊन मग त्यांचे रंग उलटवावे लागतात.

विसाव्या शतकाच्या मध्याला अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेने उमटवलेल्या प्रती, रुळले. त्या खोलीचा उग्र वास जुन्या ड्राफ्ट्समनना अजून आठवत असेल. यात फिक्या कागदावर गडद रेघ येते, पण उजेडात रेघ फिकटते आणि कागद पिवळा पडतो. अमोनियासारख्या अल्कलीने ब्ल्यूप्रिंटचा निळा रंग उडतो, म्हणून हे दोन प्रकार एका गठ्ठ्यात ठेवू नयेत.

मूळ प्रती असतात ट्रेसिंग कापडावर, ट्रेसिंग पेपरवर आणि अलीकडच्या पॉलिस्टर फिल्मवर. तिन्ही अर्धपारदर्शक, म्हणून मागे स्वच्छ पांढरी पार्श्वभूमी हवी. ठिसूळ झालेला ट्रेसिंग पेपर रोलरमध्ये फाटतो. तो पारदर्शक पाकिटात घालूनच सरकवावा.

रुंदीचा प्रश्न त्या मानाने सोपा. जर्मनीत १९२२ मध्ये ठरलेल्या मापांतला ए-० कागद ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा. ३६ इंची स्कॅनरमधून तो आरामात जातो, आणि ब्रिटिश काळातला सुमारे २७ बाय ४० इंचांचा डबल एलिफंट आकाराचा कागदही.

खरी निवड सीसीडी की सीआयएस या दोन प्रकारच्या संवेदकांतली. सीसीडीमध्ये भिंगांचे कॅमेरे काचेपासून दूर असतात, त्यामुळे घडी पडलेला किंवा थोडा उचललेला कागदही नीट टिपला जातो. पण कॅमेऱ्यांच्या प्रतिमा एकमेकींना जोडाव्या लागतात आणि हा जोड अधूनमधून तपासावा लागतो. सीआयएसची संवेदक पट्टी काचेलगत असते. ही यंत्रं साधारणतः स्वस्त आणि आटोपशीर, पण कागद काचेला चिकटून नसला की रेघ धूसर येते. कपाटात घड्यांचे नकाशे जास्त असतील तर मी सीसीडीच घेईन. संगणकावरून छापलेल्या सपाट, नव्या नकाशांसाठी मात्र तो खर्च वाया जातो.

ए-० नकाशा ४०० डीपीआयला घेतला की जवळपास २५ कोटी बिंदू होतात: रंगीत फाइल सुमारे ७४५ एमबी, निव्वळ काळी-पांढरी ३१. ही दुसरी फाइल ग्रुप ४ या फाइल आकसवण्याच्या पद्धतीने फार लहान होते. ही पद्धत मुळात फॅक्ससाठी आली, त्यामुळे स्वच्छ पानावरच ती जोमाने चालते. अमोनिया प्रिंटची ठिपक्यांनी भरलेली जमीन समोर आली की तिची बचत झपाट्याने आटते. म्हणून सोबतच्या सॉफ्टवेअरला पार्श्वभूमी कितपत साफ करता येते, हे आपल्याच कपाटातला एक खराब प्रिंट नेऊन विक्रेत्यासमोर पाहावं.