डेटा रेट घसरला? लेझरआधी पाणी तपासा

आमच्याकडून एलडीए (लेझरच्या किरणांनी पाण्याचा वेग मोजणारं यंत्र) घेतलेल्या प्रयोगशाळांकडून, डेटा रेट (सेकंदाला मिळणाऱ्या मापनांची संख्या) घसरला की येणारी नेहमीची तक्रार: ‘लेझर कमजोर झालाय, माणूस पाठवा.’ माणूस पोचतो तेव्हा लेझर ठणठणीत असतो. पाण्यात सीडिंग (मुद्दाम मिसळलेले बारीक कण) नसतं, किंवा नको तितकं असतं.

यंत्राला दिसतात ते पाण्याबरोबर वाहणारे कण. 532 नॅनोमीटरचे दोन किरण, मध्ये 50 मिमी अंतर आणि पुढे 400 मिमीची लेन्स असेल तर किरण एकमेकांना छेदतात तिथे 4.26 मायक्रॉनवर उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. 1 मी/से वेगाचा कण ते ओलांडताना 235 किलोहर्ट्झच्या आसपास बर्स्ट (लुकलुकत्या प्रकाशाचा क्षणिक सिग्नल) देतो. कणच नसतील तर लेझरची पॉवर किंवा पीएमटीचं (तो प्रकाश टिपणाऱ्या नळीचं) व्होल्टेज वाढवून डेटा रेटचा आकडा चढेल, पण तो सगळा नॉइज. व्हॅलिडेशन (यंत्राने खरे म्हणून स्वीकारलेल्या बर्स्टचं प्रमाण) कोसळलेलं दिसेल.

10 मायक्रॉनचे, 1.1 घनतेचे पोकळ काचेचे कण 1000 लिटरला 3 ते 4 ग्रॅम पुरतात. कोरडी पूड थेट टाकू नका, गुठळ्या होऊन वर तरंगते. पेलाभर पाण्यात नीट कालवून ओता, पंप पंधरा मिनिटं फिरू द्या आणि बुडबुडे गेल्यावरच मोजा. ‘अजून थोडी’ म्हणून मूठभर टाकलीत, तर छेदात एकाच वेळी अनेक कण येतात, बर्स्ट एकमेकांत मिसळतात आणि किरण वाटेतच विरतात. मग टाकी रिकामी करण्यावाचून इलाज नाही.

टाल्कम पावडर नको: 50 मायक्रॉनचा कण सेकंदाला 2 मिमी खाली बसतो, आमचा काचेचा कण तासाला जेमतेम 2 सेंमी. दूध एका दिवसाच्या प्रात्यक्षिकाला चालतं. दुसऱ्या दिवशी टाकीजवळ उभं राहवत नाही.

टाकीच्या सपाट खिडकीबाहेर प्रोब (किरण सोडणारा भाग) खिडकीच्या दिशेने 1 मिमी सरकवला की मापनबिंदू पाण्यात 1.33 मिमी सरकतो. वेगाला मात्र करेक्शन लावू नका, पट्ट्यांचं अंतर तेच राहतं.

सीडिंगपायी झालेल्या फेरीचे पैसे आम्ही वॉरंटीतही लावतो. इंजिनिअरचा अख्खा दिवस जातो, आणि काम असतं चमचाभर पुडीचं. म्हणूनच 4 ग्रॅमच्या मोजलेल्या पुड्या आम्ही ठेवतो. बाजारातली किलोवारी फिलर पूड स्वस्त पडते, पण बहुतेक वेळा ती जाड आणि पाण्याहून हलकी असते.

फोन करण्याआधी खिडकी आतून-बाहेरून पुसा. मग बर्स्टच्या स्क्रीनचा फोटो, पीएमटीचं व्होल्टेज, टाकीचे लिटर आणि त्यात काय, कधी, किती टाकलं ते पाठवा.