अंतिम संहिता कोणाच्या संगणकात? मराठी लेखकांच्या संगणकीय साधनांची पार्श्वभूमी

लेखकाने आपली संहिता संगणकावर कशी सांभाळावी, याविषयी मराठीत चर्चा होते तेव्हा ती बहुधा सॉफ्टवेअरच्या नावांभोवती फिरते. प्रकरणे सुटी ठेवून हवी तशी पुढेमागे करू देणारी साधने, जुने मसुदे आपोआप जपणारी साधने, बोललेले टंकून देणारी साधने, अशी ती यादी असते. मात्र १९९८ साली टंकलेली मराठी कादंबरी आजच्या संगणकावर उघडून पाहिली, तर पडद्यावर कादंबरी न दिसता रोमन अक्षरे, टक्क्याच्या खुणा आणि सुटे कंस यांची रांग दिसण्याचीच शक्यता जास्त असते. ज्या मजकुराला स्वतःचे स्थिर रूप नाही, त्याचे मसुदे जपणारे साधन कितीही चांगले असले तरी ते नेमके काय जपणार, हा प्रश्न मराठीत आधी सोडवावा लागला, आणि तो पूर्ण सुटला आहे असे आजही म्हणता येत नाही.

या इतिहासाचा आरंभ चांगला होता. १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा समान कळफलक ठरला, १९८८ साली अक्षरांना क्रमांक देणारी इस्की ही संकेतप्रणाली आली आणि १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. कानपूरमध्ये विकसित झालेले आणि पुढे पुण्यात वाढलेले जिस्ट कार्ड, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचे जोडपट्ट, संगणकात बसवले, की डॉस या जुन्या संगणकप्रणालीवरच्या वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी लिहिता येत असे. या व्यवस्थेत ‘कि’ हे अक्षर आधी क आणि मग वेलांटी असे, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने साठवले जाई. ते अक्षर पडद्यावर किंवा कागदावर दिसावे कसे, हे काम वेगळे ठेवलेले होते. लेखकांच्या दृष्टीने हाच योग्य रस्ता होता.

प्रकाशन व्यवसायाने मात्र दुसरा रस्ता धरला. नव्वदीच्या दशकात छापखान्यांत खिळे जाऊन डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानांची मांडणी, आली. पेजमेकर हा मांडणीचा प्रोग्रॅम तेव्हाचा राजा होता, आणि त्याला इस्की कळत नव्हती. त्यावर तोडगा म्हणून श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या संचांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट दिले. एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे, त्यांतलीही काही संगणकाने स्वतःसाठी राखलेली. उरलेल्या घरांत काना, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या, अर्धी अक्षरे आणि नेहमीची जोडाक्षरे कोंबायची होती. कोणता तुकडा कोणत्या घरात ठेवायचा, हे प्रत्येक कंपनीने आपल्यापुरते ठरवले. त्यामुळे एका संचातला मजकूर दुसऱ्या संचात निरर्थक ठरे, आणि एकाच शब्दाची वेलांटी एकदा अरुंद व एकदा रुंद पडली असेल तर त्याच फाइलीत तो शब्द शोधूनही अर्धाच सापडे. शुद्धलेखन तपासणी किंवा अकारविल्हे मांडणी यांचा तर प्रश्नच नव्हता, कारण संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच.

याचा कोणाला फारसा त्रास झाला नाही, हेही खरे आहे. तोवर लेखक पाठकोऱ्या किंवा फुलस्केप कागदावर लिहीत होते, ऑपरेटर ते टंकत होता, मुद्रितशोधक पहिले आणि दुसरे प्रूफ तपासत होता आणि दुरुस्त्या थेट ऑपरेटरच्या फाइलीत होत होत्या. (आजही वर्ड फाइल ईमेलने पाठवली तरी प्रकाशक तिला हस्तलिखितच म्हणतात. सवयीचा हा शब्द पुष्कळ काही सांगून जातो.) लेखकाकडे कागद, छापखान्याकडे फाइल अशी वाटणी असल्याने अंतिम संहिता नेहमी छापखान्यातच राहत होती. दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची झाली, की ऑपरेटर कुठे आहे, त्याची सीडी वाचली जाते का आणि तो फॉन्ट कोणाकडे आहे, अशी चौकशी सुरू होई आणि ती निष्फळ ठरली की पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून टंकले जाई.

जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. घरगुती संगणकावर ती प्रत्यक्ष वापरण्याजोगी झाली ती विंडोज २००० आणि त्यातल्या मंगल फॉन्टपासून. नंतरच्या विंडोज एक्सपीमध्येही भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी असावी लागे. हळूहळू लेखकांच्या संगणकांवर युनिकोड रुळले, परंतु पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची आणि तिला युनिकोड देवनागरी कधीच आली नाही. तिच्या जागी आलेल्या इनडिझाइनने भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी अधिकृतपणे स्वीकारली ती २०१२ साली, सीएस ६ या आवृत्तीत. मधली दहा-बारा वर्षे लेखक युनिकोडमध्ये लिहीत राहिले आणि छापखाने तोच मजकूर परिवर्तकातून, म्हणजे एका संकेतातून दुसऱ्यात बदल करणाऱ्या साधनातून, जुन्या फॉन्टमध्ये नेत राहिले. ‘युनिकोड नावाचा फॉन्ट पाठवा’ अशी विनंती याच काळात रूढ झाली. युनिकोड हा फॉन्ट नव्हे, ती अक्षरांना दिलेल्या क्रमांकांची व्यवस्था आहे, हे सांगून सांगून अनेकांनी शेवटी नाद सोडला.

या सगळ्या स्थित्यंतरात मराठीच्या वाट्याला जो एक खास गुंता आला, तो ‘दुसऱ्या’ या शब्दातल्या अर्ध्या र चा. हिंदीला त्याची गरज नाही. मराठीला आहे, कारण आपल्याकडे ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. रफार दिला की आधीच्या अक्षरावर आघात येतो, अर्धा र लिहिला की येत नाही. वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा, सुऱ्या हे शब्द त्याच्याशिवाय लिहिता येत नाहीत, आणि ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘सगळ्यांत बऱ्या’ अशी रूपे तर मराठी गद्याच्या प्रत्येक पानावर असतात. खिळ्यांच्या काळात त्याचा खिळा होता. डीटीपीच्या मराठी फॉन्टांत, इतर बाबतींत कितीही अराजक असले तरी, त्याला स्वतःचे घर होते आणि ऑपरेटरला ते तोंडपाठ होते.

शास्त्रशुद्ध व्यवस्था आली आणि नेमका तिथेच घोळ झाला. युनिकोडमध्ये र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि य असे लागोपाठ लिहिले की रफार मिळतो. मग अर्धा र मिळवायचा कसा? इस्कीच्या परंपरेप्रमाणे त्यासाठी ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरायचे होते, म्हणजे ऱ, हलन्त, य. परंतु १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळा मार्ग दिला होता: नेहमीचाच र, मग हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक आणि मग य. हा जोडक म्हणजे पडद्यावर अजिबात न दिसणारे, फक्त ‘इथे रफार करू नका’ असे संगणकाला सांगणारे चिन्ह आहे. पुढे इस्कीशी मिळता मार्ग मुख्य धरला गेला, पण आधीच्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून जोडकाचा मार्गही कायम ठेवला गेला. परिणामी ‘दऱ्या’ हा शब्द पाच चिन्हांतही लिहिता येतो आणि सहा चिन्हांतही, आणि छापल्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात.

या निर्णयाच्या दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. ऱ च्या विरोधात असे म्हटले जाते की युनिकोडच्या तक्त्यात ते अक्षर मुळात द्राविडी भाषांतला एक र दाखवण्यासाठी नोंदलेले आहे, आणि त्याचे विघटन केले तर ते ‘र आणि खाली नुक्ता (टिंब)’ असे होते. मराठीच्या वर्णमालेत नुक्ता नाही. ‘दुसरा’ या शब्दात साधा र आणि त्याच्याच सामान्यरूपात नुक्त्याचा र, हे व्याकरणाच्या अंगाने चमत्कारिक दिसते, यात शंका नाही. क्रमांकांनुसार सरळ अकारविल्हे लावली तर ‘दऱ्या’ हा शब्द ‘दरोडा’ आणि ‘दर्शन’ या दोहोंच्याही खाली जाऊन बसतो, ही तक्रारही रास्त आहे. जोडकाच्या बाजूचे लोक म्हणतात की अक्षर र च आहे, फक्त त्याचे रूप वेगळे आहे, तेव्हा रूप सांगणारे चिन्ह वापरणेच बरोबर आहे.

तर्क म्हणून हे पटते. संहिता सांभाळायची असेल तर मात्र ऱ चीच बाजू घ्यावी लागते, असे मला वाटते, आणि त्याचे कारण व्याकरणात नसून व्यवहारात आहे. जो जोडक दिसत नाही तो गळून पडला तरी दिसत नाही. मजकूर एका साधनातून दुसऱ्या साधनात चिकटवताना, जुन्या फॉन्टमध्ये नेताना, अदृश्य चिन्हे साफ करणाऱ्या एखाद्या आज्ञेने, अशा कितीतरी वाटांनी तो जातो. तो गेला की दऱ्यांचा दर्या होतो. ‘आचाऱ्याने लाडू वळले’ या वाक्यात आचाऱ्याच्या जागी आचार्य येऊन बसतात, आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण तो शब्दही बरोबरच आहे. ऱ हरवला तर निदान शब्द मोडतो आणि मुद्रितशोधकाची नजर तिथे थांबते. शिवाय इनस्क्रिप्टवर ज्या कळीवर र आहे तिच्यावरच शिफ्ट दाबून ऱ मिळतो, तर जोडक नेमका कुठे आहे हे बहुतेक लेखकांना कधी कळतच नाही. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी काही साधने तो परस्पर घालतात, काही घालत नाहीत. त्यामुळे घरी एका साधनाने आणि फोनवर दुसऱ्या साधनाने लिहिणाऱ्या लेखकाच्या एकाच कादंबरीत दोन्ही ‘दुसऱ्या’ नांदू लागतात, आणि साध्या शोधात एक रूप दिले की दुसरे सापडत नाही. पात्राचे नाव बदलताना हे विशेष जाचते. ‘गोऱ्हे’ हे आडनाव बदलायचे ठरवले आणि तीनशे पानांत सगळीकडे बदलले असे समजून फाइल पाठवली, की जुने गोऱ्हे पुस्तकात तीन-चार ठिकाणी तसेच हजर राहतात.

याच जातीचा, पण लहान गुंता ‘ॲ’ चा आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, त्यामुळे जुन्या फाइलींतले ‘ॲ’ आणि नव्या फाइलींतले ‘ॲ’ हे संगणकासाठी निरनिराळे असतात. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणे अधिकृत केली. त्यावर बराच खल झाला. परंतु ल आणि श यांची वळणे हा फॉन्टचा विषय आहे, फॉन्ट बदलला की ती बदलतात आणि संहितेला धक्का लागत नाही. लेखकांच्या फाइली ज्याने बिघडतात त्या र वर तेवढे बोलले गेले असते तर बरे झाले असते.

ई-पुस्तके आल्यावर जुन्या फाइली पुन्हा बाहेर काढाव्या लागल्या, कारण ई-पुस्तकाला युनिकोडच लागते. परिवर्तकांची दिशा उलटली. आता जुन्या फॉन्टमधून युनिकोडकडे प्रवास सुरू झाला, आणि अर्ध्या र चे जुने घर कोणत्या रूपात उघडायचे हे पुन्हा परिवर्तक करणाऱ्यानेच ठरवले. एकाच प्रकाशकाच्या दोन ई-पुस्तकांत दोन रूपे आढळतात ती यामुळे.

२०१७ साली मराठीत बोलून टंकण्याची सोय फोनवर आली आणि हाताने लिहिणारे अनेक ज्येष्ठ लेखक त्या वाटेने थेट युनिकोडवर आले. जुने मसुदे आपोआप जपणारे ऑनलाइन दस्तऐवज वापरात आल्यापासून ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम नवीन खरे’ अशा नावांच्या फाइली कमी झाल्या, निदान कमी व्हायला हव्या होत्या. शुद्धलेखन तपासणीची मुक्त साधनेही आहेत. मात्र विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटत जाणाऱ्या भाषेत ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ यासारख्या रूपाखाली लाल रेघ ओढली जाते, आणि काही दिवसांनी लेखक ती रेघ पाहणेच सोडून देतो.

पानांची मांडणी युनिकोडमध्येच होऊ लागली तरी दुरुस्त्यांची जुनी वाट फारशी बदललेली नाही. लेखक वर्ड फाइल देतो, पीडीएफच्या रूपाने प्रूफ परत येते, लेखक कागदावर किंवा पीडीएफवर खुणा करतो आणि दुरुस्ती इनडिझाइनच्या फाइलीत होते. लेखकाची वर्ड फाइल पहिल्या प्रूफाच्या दिवशीच मागे पडते. छापलेल्या पीडीएफमधून मजकूर उचलून घ्यावा म्हटले तर वेलांट्या जागा सोडतात आणि जोडाक्षरे फुटतात. त्यामुळे पुस्तक छपाईला गेल्यावर मांडणीच्या फाइलीतून मजकूर वेगळा काढून घेणे आणि त्यात दोन्ही प्रकारचे अर्धे र शोधून एकच प्रकार ठेवणे, हे काम ज्याला दुसरी आवृत्ती हवी आहे त्या लेखकाला आजही स्वतःच मागून, बहुतेकदा स्वतःच बसून, करून घ्यावे लागते.