आधी शेजारच्याचं बघून

ठाण्यात जांभळी नाक्यावर मेथीची जुडी घेताना पूर्वी सुट्ट्या पैशांवरून हमखास हुज्जत व्हायची. आता बहुतेक टोपल्यांना टेकून क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो. यूपीआय २०१६ साली आलं. माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी मात्र पुढे कितीतरी दिवस ते घेतलं नाही. ‘पैसे मोबाइलात गेले, तर माझ्या हाताला काय लागणार?’ असं त्या विचारायच्या. याला अडाणीपणा म्हणणं मला अजिबात पटत नाही. रात्री गल्ला मोजून पहाटे माल उचलणाऱ्या बाईसाठी डोळ्यांना न दिसणारा पैसा ही खरीखुरी जोखीम आहे.

शेजारच्या कांदेवाल्याच्या खात्यात रोज पैसे जमा होताना पाहिले, तेव्हा कुठे मावशी तयार झाल्या.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी नेमकं हेच टिपलं होतं. संकरित मक्यावरचा त्यांचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. बियाणं जास्त उत्पन्न देणारं, तरी २५९ शेतकऱ्यांमध्ये ते पसरायला दहा-बारा वर्षं गेली. बियाण्याची खबर सर्वाधिक लोकांना विक्रेत्यांकडून मिळाली, भरवसा मात्र सर्वाधिक शेजाऱ्यांमुळे बसला. तेव्हाही अनेकांनी आधी जमिनीच्या लहानशा तुकड्यावरच पेरून पाहिलं. नाही जमलं तर मागे फिरता येईल, एवढी मोकळीक माणसाला लागते.

ती नसेल तर मन अडून बसतं. चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याने १९६९ साली मांडलं, की स्वतःहून पत्करलेला धोका लोक लादलेल्या धोक्यापेक्षा सुमारे हजारपट जास्त सहन करतात. आकड्यावर पुढे वाद झाले, पण २०२४ मध्ये आपल्याकडे विजेच्या प्रीपेड स्मार्ट मीटरला झालेला विरोध मला यातूनच उमगतो. मोबाइलचं रिचार्ज आपण आधी पैसे भरून करतोच की! पण मोबाइल आपण निवडलेला असतो. मीटर चांगला की वाईट हे नंतर. घरात बसवण्याआधी आम्हाला विचारलंत का, हा लोकांचा पहिला प्रश्न असतो.

मावशींची उरलेली धास्ती पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या छोट्या डब्याने घालवली. हात ओले, मोबाइल पिशवीत, समोर गर्दी. तिथे पडद्यावरचा संदेश कोण वाचणार? रक्कम मराठीत ऐकू आली, की मान वर न करता त्या पुढची कोथिंबीर बांधायला घेतात. पहाटेच्या मालाचे पैसे मात्र अजूनही रोखच, कमरेच्या पिशवीत.