गोठ, कचेरी आणि शरद पौर्णिमा: जोधपूरची सुट्टी आणि तिथलं गाणं

दिवाळीच्या सुट्टीत जोधपूरला पोचलेल्या मराठी कुटुंबाचे दोन दिवस साधारण सारखेच जातात. सकाळी मेहरानगढ किल्ला, दुपारी घंटाघराच्या बाजारात मिरचीवडा आणि माखनिया लस्सी, संध्याकाळी कायलाना तलावावर सूर्यास्त आणि रात्री हॉटेलच्या गच्चीवर फेटे बांधलेले तीन-चार गायक. हार्मोनियम, ढोलक, आणि खडताळ म्हणजे बोटांत धरून वाजवायच्या लाकडी पट्ट्या. ‘केसरिया बालम’ होतं, ‘निंबूडा’ होतं, टाळ्या पडतात, आणि तास-दीड तासात पेट्या बंद होतात. जोधपूरचे लोकही शनिवार-रविवारी आता थोडंफार असंच करतात, फक्त ते किल्ला वगळतात.

या तास-दीड तासामागे बरंच काही आहे. फिरायला जाणं आणि बाहेरच्या गवयाचं गाणं ऐकणं या दोन गोष्टी या शहरात फार जुन्या आहेत, पण त्या एकत्र आल्या त्याला जेमतेम साठ वर्षं झाली. त्याआधी सहल पावसावर ठरायची, आणि गवयाचं गाणं ठरायचं कुणाच्या घरी काय घडलं त्यावर.

आधी पावसाचं पाहू. जोधपूरला वर्षाला सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत जुलैच्या दोन-तीन जोरदार दिवसांत तेवढा होतो. मग जिथे ढग बघायला माणसं गच्चीवर येतात, तिथे सुट्टी रविवारी कशी असेल? ती श्रावणात असायची. पहिल्या सरी पडल्या, डोंगरातल्या नाड्या (लहान तळी) आणि तलाव भरले, की शहरातली कुटुंबं, गल्ल्या, जातींच्या पंचायती बागांकडे निघत. तिथेच शेणी पेटवून बाट्या भाजायच्या, डाळ रटरटवायची, चुरमा वळायचा. याला मारवाडीत म्हणतात ‘गोठ’. आपल्याकडच्या आवळी भोजनाची मोठी बहीण म्हणा. शब्द मूळचा ‘गोष्ठी’. ज्ञानेश्वरीतली ‘गोठी’ आणि आपली ‘गोष्ट’ त्याच घरच्या. मारवाडात तो जेवणाच्या पंगतीकडे वळला, आपल्याकडे बोलण्याकडे.

गोठीच्या जागा पाहिल्या तर शहराचा पाण्याचा इतिहासच समोर येतो. मंडोर ही राव जोधांनी १४५९ मध्ये जोधपूर वसवण्याआधीची राजधानी. तिथे राठोड राजांचे देवल, म्हणजे स्मृतिमंदिरं, आहेत, खडकात कोरलेल्या वीरांच्या आणि देवतांच्या मूर्ती आहेत, आणि सगळीकडे वानरं. श्रावणात तिथे वीरपुरीचा मेळा भरतो. बालसमंद तलाव परंपरेने ११५९ चा मानला जातो, म्हणजे शहराहून तीनशे वर्षांनी जुना. कायलाना १८७२ चा, जोधपूरच्या राजघराण्यातल्या सर प्रताप यांनी बांधवलेला. आज त्यात जे पाणी दिसतं ते मुख्यतः कालव्यातून उचलून आणलेलं हिमालयाचं पाणी आहे. त्यामुळे कायलाना आता बाराही महिने भरलेला असतो आणि तिथे कुठल्याही रविवारी जाता येतं. श्रावणाची सुट्टी शनिवार-रविवारची झाली त्यात कचेऱ्या-शाळांच्या वेळापत्रकाचा जेवढा हात आहे, तेवढाच या कालव्याचाही आहे, असं मला वाटतं.

चालत करायची सहलही होती आणि आहे. अधिक महिन्यात, आपल्या धोंड्याच्या महिन्यात, शहराभोवतालच्या डोंगररांगेला प्रदक्षिणा घालतात. तिचं नाव भोगिशैल परिक्रमा. सात दिवस, रोजचा मुक्काम वेगळा, देवळं, कुंडं, रात्री भजनं. हजारो बायका-पुरुष उन्हातान्हात चालतात. वारी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

शहराच्या आतल्या रात्रीही होत्या. धींगा गवर हा जोधपूरचा अगदी स्वतःचा उत्सव. सोळा दिवस बायका गवरीची पूजा करतात, आणि शेवटच्या रात्री (आपल्या पंचांगाने चैत्र वद्य तृतीया, त्यांच्या पंचांगाने वैशाख) जुन्या शहरातल्या गल्ल्या त्यांच्या होतात. कुणी शिव झालेली, कुणी विष्णू, कुणी डाकू, कुणी पोलीस. हातात वेताची छडी, तोंडात गवरीची गाणी. वाटेत आलेल्या पुरुषाला छडी बसते, आणि अविवाहिताला बसली तर त्याचं लग्न लवकर जमतं असा समज आहे. वाळवंटातल्या शहरातलं रात्रीचं संगीत म्हणून लोक मला किल्ल्यावरच्या मैफली सांगतात, तेव्हा मला आधी ही रात्र आठवते. इथे गायला कुणाला बोलवावं लागत नाही.

आता बोलावण्याचं गाणं. गच्चीवर जे गायक दिसतात ते बहुधा लंगा किंवा मांगणियार या पिढीजात गवयांच्या जातींतले असतात, आणि त्यांची गावं जोधपुरात नसतात. मांगणियार जैसलमेर आणि बाडमेरच्या गावांतले, लंगांचं बडनावा गाव बाडमेरच्याच बाजूचं. दोघंही मुसलमान. लंगांचे यजमान मुख्यतः सिंधी सिपाही मुसलमान. मांगणियारांचे बरेचसे यजमान हिंदू, विशेषतः राजपूत. हे नातं कुटुंबाचं कुटुंबाशी, बापाकडून मुलाकडे उतरणारं. यजमानाच्या घरी मूल झालं, लग्न झालं, कुणी गेलं, की त्याच्या ठरलेल्या गवयाने यायचं, ‘शुभराज’ म्हणजे त्या घराण्याची वंशावळ आणि कीर्ती म्हणायची, प्रसंगाची गाणी गायची. आणि यजमानाने धान्य, गुरं, कपडे, रोकड द्यायची. बलुतं म्हटलं की मराठी माणसाला यातलं बरंच कळेल. तरी एक फरक मोठा आहे. या गवयांकडे नातं तोडायचा हक्क होता. यजमानाने अपमान केला, देणं बुडवलं, तर गवई आपल्या वाद्याच्या तारा आणि पागोटं त्याच्या दारासमोर पुरून निघून जाई. मग त्या घरासाठी दुसरा कुणी गवई गात नसे. लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी ही रीत टिपून ठेवली आहे, आणि या कलावंतांना ‘मागणारे’ एवढ्याच अर्थाने ओळखणाऱ्याने ती जरूर लक्षात ठेवावी.

प्रसंगाच्या गाण्यांपलीकडे त्यांच्याकडे ‘मोटा गीत’ असतात: संथ, रागाच्या अंगाने वाढणारी, रात्री यजमानाच्या ‘कचेरी’त, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत गायची. सोरठ, मारू, सामेरी, मांड. मांड हे नाव नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानांना परकं नाही. या बैठकीचं वाद्य कमायचा: आंब्याच्या लाकडाचा एकसंध गोल तुंबा, त्यावर बकरीचं कातडं, आतड्याच्या तारा, आणि गजाने काढलेला तो खोल, थोडा घोगरा आवाज. गच्चीवर तो सहसा नसतो. हार्मोनियम सांभाळायला सोपी, सूर लावायला सोपी, आणि पर्यटकाला ओळखीची. कमायचा बनवणारे हात कमी झाले आणि वाजवणारेही. जैसलमेरजवळच्या हमीरा गावच्या साकर खाँना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्या वाजवण्यात रेल्वेगाडीचा आवाज काढण्याचा एक लाडका प्रकार होता. जुनं वाद्य नव्या गोष्टीला किती सहज सामावून घेतं ते त्यात ऐकू येई.

जोधपूर शहरात दरबाराचं संगीत निराळं होतं. महाराजा मानसिंह (राज्यकाळ १८०३ ते १८४३) स्वतः कवी आणि पदकार. पुढे १९४० च्या दशकात सरोदवादक अली अकबर खाँ जोधपूरचे दरबारी संगीतकार होते. तरुण महाराजा हनवंतसिंह २६ जानेवारी १९५२ ला विमान अपघातात गेले आणि तो आश्रय संपला. अली अकबर मुंबईला आले.

त्याच वर्षी राजस्थानात जहागिऱ्या खालसा करणारा कायदा झाला. कुळांसाठी तो न्याय होता, त्याबद्दल दुमत नको. पण गावोगावच्या ठाकुरांच्या कचेऱ्या ज्या उत्पन्नावर चालत ते आटलं. त्याआधी पाच वर्षं फाळणीने सिंध तोडला होता. थरच्या वाळवंटाचा एक भाग तिकडे गेला. मांगणियार आणि लंगांचे नातेवाईक, यजमान, पीर सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिले. १९६५ च्या युद्धाने सीमा ओलांडणारी मुनाबाव-खोखरापारची रेल्वे बंद झाली. २००६ मध्ये थार एक्स्प्रेसने ती वाट पुन्हा उघडली, २०१९ मध्ये ती परत मिटली. सिंधी सारंगीवर सिंधी काफी, म्हणजे सूफी पदं, गाणाऱ्या लंग्याला त्या काफीचं गाव बघता येत नाही, एवढं या तारखांचं वजन आहे.

याच पडत्या काळात १९६० मध्ये कोमल कोठारी आणि लेखक विजयदान देथा यांनी बोरुंदा या गावी रूपायन संस्थान सुरू केलं. देथा कथा गोळा करत होते, कोठारी गाणी. लंगा-मांगणियारांचा आजचा श्रोता घडवण्यात कोठारींचा वाटा इतका मोठा आहे की त्यांच्याशिवाय हा इतिहास सांगताच येत नाही. ते स्वतः गवयी नव्हते. गावोगाव जाऊन ते ध्वनिमुद्रण करत, वाद्यांची, जातींची, धान्याची, पाण्याची नोंद ठेवत. बाजरी कुठे संपते आणि ज्वारी कुठे सुरू होते यावरून ते संगीताचे प्रदेश आखत. यजमान संपत चालले तर या माणसांना दुसरा श्रोता हवा, हे त्यांनी ओळखलं आणि त्यांना रंगमंचावर नेलं: आधी दिल्ली, मग परदेश. ऐंशीच्या दशकातल्या भारत महोत्सवांनी ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेत हे आवाज पोचवले.

रंगमंचाने रूपही बदललं. दारात बसून गाणारे आता रांगेत बसले, एकसारखे फेटे आले, वीस मिनिटांत तीन गाणी आणि शेवटी खडताळांची जुगलबंदी असा साचा पडला. मोटा गीताला वीस मिनिटं पुरत नाहीत. ते मागे राहिलं. मांगणियार बायका घरी आणि यजमानिणींसमोर गायच्या, मंचावर मात्र पुरुषच आले. बाडमेरच्या रुकमाबाईंनी, पोलिओने अधू पाय घेऊन, तो पायंडा मोडला. २०११ मध्ये त्या गेल्या. हे सगळं दोष म्हणून मी मांडत नाही. मंच नसता तर कितीतरी घरांतून गाणंच उठून गेलं असतं.

शहराची बाजूही याच सुमारास बदलत होती. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि १९७२ मध्ये मेहरानगढ म्युझियम ट्रस्ट स्थापन झाला. किल्ला तिकीट काढून पाहायची जागा झाली. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १९२९ मध्ये पाया घातलेला आणि १९४३ मध्ये पुरा झालेला उमेद भवन राजवाडा अंशतः हॉटेल झाला. जुन्या शहरातला तूरजी का झालरा हा अठराव्या शतकातला पायऱ्यांचा जलाशय उपसून स्वच्छ झाला, आणि आज त्याच्या काठावरून संध्याकाळी पोरं पाण्यात उड्या मारताना दिसतात. किल्ल्याच्या पायथ्याची उजाड खडकाळ जमीन वेड्या बाभळीच्या तावडीतून सोडवून तिथे थरची मूळ झाडंझुडपं लावली गेली. तो राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. मोकलावासला, एका जुन्या दगडखाणीच्या जागी, कोठारींच्या कल्पनेतून अरणा-झरणा संग्रहालय उभं राहिलं, आणि त्याचं पहिलं प्रदर्शन होतं झाडूंचं. रविवारी जायला याहून चांगली जागा मला जोधपुरात सुचत नाही.

आणि मग २००७ पासून किल्ल्यावर राजस्थान आंतरराष्ट्रीय लोकमहोत्सव, सगळे त्याला ‘रिफ’ म्हणतात. दिवस निवडले शरद पौर्णिमेचे, आपल्या कोजागरीचे. राज्याच्या पर्यटन खात्याचा मारवाड महोत्सवही याच पौर्णिमेला असतो आणि त्याचं जुनं नाव मांड महोत्सव होतं. रिफमध्ये रात्री किल्ल्याच्या चौकांत मैफली होतात, आणि पहाटे जसवंत थडा या राजघराण्याच्या स्मारकाच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्यांवर. मला त्या पहाटेच्या बैठका जास्त मोलाच्या वाटतात. तिथे गवयाला कुणी घाई करत नाही, अंधारात सुरू झालेला सूर उजाडेपर्यंत चालतो, समोर निळं शहर हळूहळू दिसू लागतं. कचेरीच्या सर्वांत जवळ आजची मैफल जर कुठे जात असेल तर तिथे.

कोजागरीनंतर चारेक आठवड्यांनी देवउठनी एकादशी येते, आपली कार्तिकी. लग्नाचे मुहूर्त निघतात. ज्यांना गच्चीवर किंवा किल्ल्यावर ऐकलं, त्यातले बरेच मग गावाकडे परततात. यजमान आता बँकेत असेल, सैन्यात असेल, सुरतेला किंवा मुंबईत दुकान चालवत असेल. लग्न गावी असलं की निरोप येतो. दारात तोरण लागतं, ‘शुभराज’ सुरू होतो, आणि नवरदेवाच्या आजोबांपासून मागे सात-आठ पिढ्यांची नावं एकही न चुकता गवयाच्या तोंडून निघतात.