पॅन-आफ्रिकन प्रागितिहास परिषद

आफ्रिकेच्या पुरातत्त्वातली ही सगळ्यात जुनी खंडव्यापी परिषद. पहिली भरली नैरोबीत, जानेवारी १९४७ ला, पुढाकार केनियातले पुरातत्त्वज्ञ लुई लीकींचा आणि अध्यक्ष फ्रान्सचे प्रागितिहासतज्ज्ञ आँरी ब्रॉय. तेव्हा पाहुण्यांना ओलोर्गेसायली या केनियातल्या अश्मयुगीन स्थळी नेलं होतं, तिथल्या हातकुऱ्हाडी (हातात धरायची दगडी हत्यारं) उचलून म्युझियममध्ये न नेता जिथं सापडल्या तिथंच शेकड्यांनी पडलेल्या ठेवल्यात, आजही बघता येतात. दुसरी परिषद १९५१ ला दक्षिण आफ्रिकेत व्हायची होती पण तिथल्या १९४८ नंतरच्या वर्णभेदी सरकारने निमंत्रणच मागे घेतलं, मग ती १९५२ ला अल्जीयर्सला झाली.

या परिषदेने सगळ्यात जास्त डोकं लावलं ते अश्मयुगाच्या टप्प्यांच्या नावांवर. दक्षिण आफ्रिकेचे पुरातत्त्वज्ञ गुडविन आणि व्हान रीट लो यांनी १९२९ ला आद्य, मध्य आणि उत्तर अश्मयुग अशी विभागणी केली होती, १९५५ च्या लिव्हिंगस्टन परिषदेत (तेव्हाचं उत्तर ऱ्होडेशिया, आताचं झांबिया) त्यात दोन मधले टप्पे घातले गेले, पहिला आद्य आणि मध्यच्या मध्ये, दुसरा मध्य आणि उत्तरच्या मध्ये. दुसऱ्या टप्प्याचा मुख्य आधार युगांडातली मागोसीची कपार, तिथे मध्य अश्मयुगी दगडी टोकं आणि उत्तर अश्मयुगासारखी बारीक दगडी हत्यारं (सूक्ष्मास्त्रं) एकत्र मिळाली म्हणून 'मागोसियन' हा वेगळा काळच धरला. पुढे पुरातत्त्वज्ञ ग्लेन कोल यांनी पुन्हा खणून पाहिलं तर वेगवेगळ्या काळाचे थर सरमिसळ झाले असावेत असं दिसलं, आणि ते जास्त पटतं. १९६५ ला ऑस्ट्रियात बुर्ग वार्टेनश्टाइनच्या बैठकीत हे मधले टप्पे सोडून द्यावेत असं ठरलं, जुन्या रिपोर्टात मात्र ही नावं भेटत राहतात, तेव्हा वाचताना रिपोर्टचं साल आधी बघावं.

आपल्याकडचा धागाही इथेच आहे. पुण्याचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांना १९५४ च्या सुमारास नेवाशाला प्रवरेकाठी छिलक्यांची (दगडाच्या कपच्यांची) हत्यारं मिळाली, त्यांना युरोपातल्या चौकटीत बसवणं अवघड होतं, म्हणून आफ्रिकेसारखं आद्य-मध्य-उत्तर अश्मयुग हे नामकरण भारतातही काही काळ चाललं, नंतर बहुतेक जण पुराश्मयुग या जुन्या नावाकडे परतले.

१९८३ च्या जोसनंतर (नायजेरिया) पुढची परिषद थेट १९९५ ला हरारेत, म्हणजे मध्ये बारा वर्षं गेली. २०१० ला डाकार आणि २०१४ ला जोहान्सबर्ग इथे ती 'साफा' या आफ्रिकेचा अभ्यास करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांच्या संस्थेबरोबर एकत्र भरली, म्हणजे १९५१ ची परिषद ज्या देशाने नाकारली होती त्याच देशात ६३ वर्षांनी.