विश्वामित्रीच्या काठाची माती

थंडीच्या दिवसांत सकाळी ऊन चांगलं वर आलं, की बडोद्यातल्या काळा घोडा पुलावरून कमाटीबागेच्या बाजूला बघावं. विश्वामित्री नदीच्या उतारावर हमखास एखादी मगर पडलेली असते, जबडा उघडा टाकून. नवखा माणूस म्हणतो, "बघ, कशी टपून बसलीय!" ती टपलेली नसते. मगरीचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही, ऊब तिला उन्हातून घ्यावी लागते. अंग तापायला वेळ लागतो, डोकं मात्र लवकर तापतं. तोंड उघडं ठेवलं की आतल्या ओलसर कातडीवरून बाष्पीभवन होतं आणि डोक्याचा भाग थंड राहतो, असं अभ्यासक मानतात. म्हणजे पुलावरून जे भयंकर दिसतं, ते खरं तर अंगाचं तापमान सांभाळणं असतं.

बडोद्यात आपण मगरींच्या इतके शेजारी राहतो, की यात काही नवल आहे हे विसरतो. आपली ही गोड्या पाण्यातली मगर इराणपासून भारत, नेपाळ, श्रीलंकेपर्यंत आढळते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या बरोबरीची. तरीही कुठल्याही अभयारण्याबाहेर, लाखो माणसांच्या शहरात, ती पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालून पिल्लं वाढवते आहे. फेब्रुवारी २०२५ च्या गणनेत विश्वामित्रीत ४४२ मगरी मोजल्या गेल्या.

ही मोजणी थंडीतच करतात, त्याला कारण आहे. पाणी गार असतं, त्यामुळे दिवसा मगरी ऊन खायला बाहेर येतात आणि डोळ्यांनी मोजता येतात. रात्री काम बॅटरीचं. मगरीच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. झोत पडला की काळ्या पाण्यावर तांबूस ठिपके चमकतात. दोन ठिपक्यांमधल्या अंतरावरून जनावर केवढं आहे याचा सरावाच्या माणसाला अंदाज येतो. पण बिळात बसलेली, पाण्याखाली गेलेली मगर दोन्ही वेळा निसटते, म्हणून अशा आकड्याकडे 'निदान इतक्या' म्हणून बघावं.

एवढ्या मगरी या नदीत जगतात कशा? विश्वामित्री मूळची पावसाळी नदी. पावागडच्या डोंगरातून निघते, शहरातून वळणं घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताला जातं. उन्हाळ्यात तिच्यात जे पाणी दिसतं, त्यात शहराच्या सांडपाण्याचा वाटा फार मोठा आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण मगरीच्या टिकण्यामागे तेही एक कारण आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी झाला तर मासे तडफडतात. मगर नाक वर काढून हवेतला श्वास घेते, तिचं अडत नाही. घाण पाण्यात तग धरणारे मासे, काठावरची डुकरं, कुत्री, वाहून आलेली मेलेली जनावरं, सगळं तिला चालतं. तिची चुलत बहीण म्हणावी अशी चंबळेतली घडियाल वाहत्या, स्वच्छ पाण्यावाचून जगत नाही. म्हणूनच मगरी आहेत म्हणजे नदी निरोगी आहे, हा निष्कर्ष मला पटत नाही.

मगरीला एका गोष्टीवाचून मात्र चालत नाही, ती म्हणजे काठाची माती.

नदीच्या उभ्या कडेत, पाण्याच्या जरा वर किंवा पाण्याच्या रेषेलाच, मगर बीळ खणते. तोंड रुंद आणि चपटं, आत काही मीटर लांब बोगदा, शेवटी वळता येईल एवढी जागा. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, डिसेंबरच्या रात्री दहा-बारा अंशांवर येतो. मातीत खोल गेलं की हा चढउतार पुष्कळ कमी होतो. उन्हातून ऊब घेणाऱ्या जनावराला आसराही असाच लागतो, जिथे तापमान फारसं हलत नाही. जाड मातीच्या भिंतींच्या जुन्या घरासारखं समजा, बाहेर काहीही असो, आत सुसह्य.

अंडीही मातीतच. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान उतारावर पाण्यापासून जरा वर खड्डा खणते आणि साधारण पंचवीस-तीस अंडी घालून बुजवते. दोनेक महिने ती आसपास राखण करते. पिल्लू नर होणार की मादी, हे आईबापांकडून येत नाही, खड्ड्याच्या उबेवर ठरतं. साधारण २८ ते ३१ अंशांना माद्या निपजतात, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर. म्हणजे उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, वर बाभळीची सावली आहे की नाही, माती किती ओली आहे, यावर पुढच्या पिढीतलं नर-मादीचं प्रमाण अवलंबून. पावसाच्या तोंडावर पिल्लं अंड्यातूनच आवाज देऊ लागतात. तो ऐकून आई माती उकरते आणि ज्या जबड्याची आपल्याला धास्ती, त्याच जबड्यात पिल्लं धरून पाण्याशी नेते.

२०२४ च्या ऑगस्टअखेरचा पूर कुणी विसरलेलं नाही. धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. शहरातल्या अकोटा भागात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो देशभर फिरला. तीन दिवसांत वन विभाग आणि स्वयंसेवकांनी वस्तीतून दोन डझन मगरी पकडल्या. त्या शिकारीला आल्या नव्हत्या. बिळं बुडाली, प्रवाह जोराचा, तेव्हा जनावर संथ पाण्याकडे सरकतं, आणि ते संथ पाणी आपल्या सोसायटीच्या आवारात होतं.

पकडण्याची रीत बघण्यासारखी आहे. गळ्यात दोराचा फास, मग डोळ्यांवर ओलं पोतं, कारण दिसेनासं झालं की मगर बरीच शांत होते. त्यानंतर पाठीवर वजन देऊन जबडा बांधतात. जबडा मिटणारे स्नायू अफाट ताकदीचे, उघडणारे मात्र दुबळे, म्हणून चिकटपट्टीचे काही वेढेही पुरतात. हे काम करणारी बरीचशी पोरं दिवसा नोकऱ्या करणारी आहेत. रात्री दोनला फोन आला तरी निघतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

"सगळ्या उचलून दुसरीकडे सोडा ना," असं पुरानंतर घरोघरी ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरी हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्या, अंगावर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र लावलं. एक तर ४०० किलोमीटरहून जास्त पोहून आपल्या जागी परत आली. जात वेगळी असली तरी जागेची ओढ किती असते ते कळतं. शिवाय रिकामी झालेली चांगली जागा दुसरी मगर घेते.

माणसांवर हल्ले झालेत, माणसं गेलीही आहेत. ज्या घरावर वेळ आली, त्यांच्यापुढे प्राणिप्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत. पण इथून फार लांब नसलेल्या चरोतरात, म्हणजे आणंद-खेडा भागात, मलातजसारख्या गावी, तळ्यात मगरी आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायका हे नेहमीचं दृश्य आहे. खोडियार मातेचं वाहन म्हणून मगरीला मान आहे आणि तिच्या वेळा, तिच्या जागा गावाला माहीत आहेत.

डभोईजवळचं वढवाणा तळं सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलं गेलं. २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले स्थलांतरित हंस, बघायला गाड्यांची रांग लागते, आणि ते छानच आहे. शहरातल्या नदीला असा दर्जा नाही, तिथे निर्णय होतो तो पुराच्या भीतीने.

भीती खोटी नाही. म्हणूनच २०२५ च्या पावसाळ्याआधी नदी खोल आणि रुंद करायला यंत्रं उतरली. अडचण अशी, की नदीत खोदकाम पावसाळ्यापूर्वीच शक्य असतं आणि नेमके तेच अंड्यांचे महिने. पात्रातला गाळ आणि राडारोडा जरूर काढावा. पण बिळं आणि घरट्यांचे उतार आधी नोंदवून घ्यावेत, ते टप्पे सोडून काम करावं, एका वेळी एकाच काठाला हात लावावा, आणि काँक्रीटच्या भिंती मुळीच नकोत. मातीचा, झाडोऱ्याचा काठ पुराचं पाणी पसरू देतो आणि जिरवतो, भिंत ते पुढच्या वस्तीकडे ढकलते. खोदकामाचं वेळापत्रक दर वर्षी जानेवारीतच जाहीर व्हावं, म्हणजे काठावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना माहीत असलेली बिळं वेळेवर दाखवता येतील.